फक्कीच्या रेघेवर फोकस

जुन्या लेन्सनं फोटो काढतो म्हटलं की समोरचा मला एकतर हौशी समजतो, नाहीतर कंजूष. मी दोन्ही नाही. शिरूर तालुक्यात फोटोग्राफी हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लग्नं, साखरपुडे, वास्तुशांती, शाळांची स्नेहसंमेलनं, यात्रेतले बैलगाडे, संस्थांच्या अहवालाचे फोटो, असं सगळं मिळून घर चालतं. या धंद्यात ऑटोफोकस लागतोच. त्याची लेन्स माझ्याकडे आहे, तिचे हप्तेही फेडून झालेत. पण त्याच बॅगेत दोन रशियन लेन्स असतात, १९८०च्या आसपासच्या, नुसत्या काच आणि धातूच्या. काही कामं अशी आहेत की तिथं हात आपसूक त्यांच्याकडेच जातो.

त्या काकांच्या. काकांचा दौंडला स्टुडिओ होता. रेल्वेचं जंक्शन, शेजारी राज्य राखीव पोलीस दल, त्यामुळे पासपोर्ट फोटोला गिऱ्हाइकांची कमी नव्हती. त्या काळी परदेशी कॅमेऱ्यावर जबर आयातकर असायचा. सोव्हिएत संघाशी मात्र रुपयात व्यवहार चाले, म्हणून झेनिट कॅमेरा आपल्याकडच्या साध्या फोटोवाल्याला परवडायचा. काकांच्या झेनिटवर हेलिओस ४४-२ होती, ५८ मिलिमीटरची, एफ/२. लांबच्या फोटोसाठी ज्युपिटर-३७ए, १३५ मिलिमीटर, एफ/३.५. हेलिओसचा आराखडा मूळचा जर्मन, झाइसच्या बिओटारवरून घेतलेला. डिजिटल आल्यावर झेनिट कपाटात गेला आणि लेन्सही त्याच्याबरोबर गेल्या.

मी मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा काकांना विचारलं, "काका, या लेन्स आता चालतील का हो?"

"चालतील का काय विचारतोस! त्यांना ना सेल लागतो ना वायर. तुझा कॅमेरा त्यांना चालवून घेईल का, ते बघ."

काकांचा मुद्दा बरोबर होता, कारण अडचण कायम कॅमेऱ्याच्या बाजूनंच आलेली आहे. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यात लेन्स बसते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. लेन्स त्या अंतरासाठीच घडवलेली असते. झेनिटच्या एम४२ आट्याच्या लेन्सला ४५.४६ मिलिमीटर लागतात. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत हेच अंतर ४६.५ होतं, म्हणजे लेन्स आधीच मिलिमीटरभर पुढे सरकलेली. मग ती जवळचं दाखवणार आणि डोंगर धुरकट ठेवणार. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर, म्हणून तिथं दीड मिलिमीटरची पातळ कडी घालून काम भागायचं. एवढी जागा का ठेवावी लागे? मधे आरसा होता म्हणून. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला, तेव्हा हे अंतर सोनीत १८, फुजीत १७.७, निकॉनच्या झेडमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफमध्ये २० मिलिमीटरवर आलं. आता जवळपास कुठल्याही जुन्या एसएलआर लेन्सला पुरेल एवढी जागा आहे. मधे एक पोकळ नळी लावली की झालं. नळीत काच नाही, की वीज नाही. एम४२ लेन्स सोनीला लावायची तर नळी हवी २७.४६ मिलिमीटर लांबीची.

कॅमेऱ्याच्या मेनूत 'लेन्स नसताना शटर चालू' हा पर्याय सुरू करावा लागतो, कारण कॅमेऱ्याच्या लेखी समोर काहीच लावलेलं नसतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्स किती मिलिमीटरची ते आपण सांगायचं, नाहीतर तो भलत्याच हिशेबानं सेन्सर हलवत बसतो.

खरी गंमत त्या २७.४६ मधल्या दशांशात आहे. हे कळलं तेव्हापासून माझं काम बदललं, म्हणून इथं जरा थांबतो.

बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारे अ‍ॅडॉप्टर बहुतेकदा मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात. नळी लांब झाली तर दूरचं कधीच स्पष्ट होत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. ५८ मिलिमीटरच्या लेन्सला नळी नुसती ०.१ मिलिमीटर जास्त झाली, तर फोकस साधारण ३४ मीटरच्या पुढे जातच नाही. आखूड असली तर निदान सगळं फोकसमध्ये येतं, म्हणून बनवणारा त्या बाजूला झुकतो. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही, कारण ते पडद्यावर बघूनच रिंग फिरवतात. माझं बिघडत होतं. मला लेन्सवर कोरलेले मीटरचे आकडे वापरायचे होते. माझ्याकडचा अ‍ॅडॉप्टर ०.२ मिलिमीटरनं आखूड निघाला, तेव्हा हेलिओसच्या रिंगवर ५ लिहिलेलं असताना लेन्स सात मीटरवर बघत होती. ज्युपिटरवर २० म्हणजे प्रत्यक्षात पंचवीस. आकडे खोटे असतील तर जुनी लेन्स म्हणजे नुसतं वजन.

हे सुधारायला मला पुण्याला जावं लागलं नाही, पाबळला जावं लागलं. पाबळ बाहेरच्यांना माहीत असतं ते मस्तानीच्या समाधीमुळं. आमच्या भागात ते विज्ञान आश्रमासाठीही ओळखलं जातं. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते. ते सोडून १९८३ मध्ये ते या कमी पावसाच्या गावात आले आणि ज्यांचं शाळेत मन रमत नाही अशा मुलांना हातानं काम करत शिकवायला लागले. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य, सगळं एका वर्षाच्या अभ्यासक्रमात. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथं सुरू झाली. एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांची ती कल्पना: कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि तिथंच यंत्रावर वस्तू करून घ्यायची.

तिथल्या एका मुलाला मी अ‍ॅडॉप्टर दाखवला. त्यानं आधी व्हर्नियर कॅलिपर लावलं, मग मान हलवली आणि मायक्रोमीटर आणला. चार ठिकाणी मोजलं. चारही मापं सारखी, म्हणजे नळी वाकडी नव्हती, नुसती आखूड होती. पहिला विचार नवी नळी थ्रीडी प्रिंटरवर छापण्याचा. एम४२ च्या आट्याची पिच १ मिलिमीटर आणि प्रिंटरचा थर ०.२ चा, म्हणजे एका फेऱ्याला पाच थर. आटे बसले, लेन्स घट्ट लागली, टेबलावर छान दिसत होती. पण ते प्लॅस्टिक पीएलए. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेली वस्तू तिथवर सहज पोचते.

"दादा, ही नळी मापासाठी ठेवा," तो म्हणाला, "धातूचीच दुरुस्त करू."

बाजारच्या अ‍ॅडॉप्टरची कॅमेऱ्याकडची कडी चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की खाली सपाट जागा दिसते. त्या जागेत ०.२ मिलिमीटरची चकती घालायची होती. चकती आली कोल्ड्रिंकच्या डब्यातून. त्या डब्याच्या भिंतीचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, आणि मायक्रोमीटरवर तसाच भरला. कंपासनं दोन वर्तुळं आखून कात्रीनं कडी कापली, स्क्रूंसाठी भोकं पाडली, कडेचे खरखरीत कोपरे पॉलिश पेपरनं मारले. अशा दोन कड्या, एकावर एक. परत स्क्रू आवळले आणि अंधार पडल्यावर लांबच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा मॉनिटरवर मोठा करून बघितला. रिंग अनंताच्या खुणेवर जिथं अडते, तिथंच दिवा टोकदार झाला. मग पट्टीनं पाच मीटर मोजून भिंतीवर वर्तमानपत्र लावलं. रिंगवर ५, आणि मथळा स्वच्छ.

त्यानंतर याच आश्रमाच्या कार्यशाळेत मी बरेच फोटो काढले, आणि जुन्या लेन्सचं माझ्या धंद्यातलं स्थान तिथं पक्कं झालं. वेल्डिंगचंच घ्या. मुलगा अँगलचे दोन तुकडे जुळवतो, मास्क खाली घेतो, रॉड टेकवतो आणि ठिणगी पडते. ठिणगी पडायच्या आधी छपराखाली अंधार, पडल्यावर डोळे दिपवणारा उजेड. या उडीत ऑटोफोकस गडबडतो. कधी धुरावर जातो, कधी मास्कच्या काचेवर, कधी नुसता पुढं-मागं हिंदोळत राहतो. माझ्यासाठी मात्र सांधा कुठं आहे हे ठरलेलं असतं, तो जागचा हलणार नाही. ठिणगीच्या आधी दोन अँगल जिथं मिळतात तिथं चित्र मोठं करून रिंग लावायची आणि मग रिंगला हातही लावायचा नाही. नंतर लक्ष फक्त मुलाच्या खांद्यावर आणि मनगटावर. मिररलेसच्या खिडकीत दिसतं ते छोट्या पडद्यावरचं चित्र असल्यानं कॅमेऱ्याला लावलेला डोळा थेट ठिणगीकडे बघत नाही. दुसरा डोळा मिटायचाच आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ पर्यंत बंद ठेवायचं. हे मी शिकणाऱ्यांना दोनदा सांगतो.

लेथवरही तेच. हत्यार ठरलेल्या रेषेवरून सरकतं, किस तिथंच निघतो. अर्ध्या मीटरवरून, एफ/४ ला, माझ्या कॅमेऱ्यावर हेलिओसच्या फोकसची खोली जेमतेम एक सेंटिमीटर असते. त्या एका सेंटिमीटरमध्ये हत्याराचं टोक आणि सुटलेला किस ठेवायचा, आणि मागं मुलाचा चेहरा अर्धवट विरघळलेला. चेहऱ्यावर फोकस हवा की हातावर, हे कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो नेहमी चेहराच निवडतो. आताचे कॅमेरे डोळा शोधण्यात इतके पटाईत झालेत की त्यांना हात दिसतच नाहीत. ज्या ठिकाणी सगळं शिक्षणच हातांचं आहे, तिथल्या अहवालात पानापानांवर नुसते हसरे चेहरे छापायचे म्हणजे कामाची थट्टा आहे. ऑटोफोकसमध्येही बिंदू सरकवून हातावर नेता येतो, मान्य. पण माणूस सरकवत नाही, आळसावतो. रिंग फिरवायचीच आहे म्हटल्यावर कशावर फिरवायची, हा विचार आधी करावा लागतो.

पीकिंगबद्दल थोडं. कडा रंगवून दाखवणारी ही सोय सगळे जण वापरतात आणि सगळे थोडेफार फसतात. उघड्या अ‍ॅपर्चरला ती अर्धा चेहरा लाल करून दाखवते, आणि घरी आल्यावर कळतं की भुवई स्पष्ट आहे, डोळा नाही. दोन मीटरवरून एफ/२ ला माझ्या कॅमेऱ्यावर जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरची खोली मिळते. माणसानं मान वाकवली की संपली. चित्र मोठं करून बघणं हाच भरवशाचा उपाय. जुन्या झेनिटच्या खिडकीपेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि हे काका स्वतः बघून कबूल करतात.

बैलगाड्याचं मात्र वेगळं. तिथं मोठं करून बघायला वेळ कुठला? आमच्या शिरूर-खेड-आंबेगाव भागात शर्यत घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, होते. चार बैल, पुढं घोडी, एक बारी, म्हणजे एक धाव, दहा-पंधरा सेकंदांत संपते. २०१४ मध्ये बंदी आल्यावर घाटांवरचं माझं काम थांबलं. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकालही शर्यतींच्या बाजूनं आला. परत गेलो तेव्हा घाटाच्या दोन्ही बाजूंनी मोबाइल आणि वर ड्रोन. अशा गर्दीत दोराच्या बाहेर एक जागा धरायची आणि ती सोडायची नाही. घाटावर फक्कीच्या रेघा मारलेल्या असतातच. त्यातली एक मी निवडतो, माझ्यापासून अंदाजे वीस मीटरवरची. ज्युपिटरची रिंग २० वर, अ‍ॅपर्चर ५.६. त्या अंतरावर माझ्या कॅमेऱ्यावर साधारण पाच मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. घोडी रेघेच्या पुढं गेली की बोट दाबायचं. बैल तो पट्टा अर्ध्या सेकंदाच्या आसपास ओलांडतात, कॅमेरा तेवढ्यात पाच-सहा फ्रेम टिपतो. त्यातली एक चांगली निघते. भंडारा उधळला, धूळ उठली, दोराशी कुणी टोपी हवेत फेकली, तरी फोकस रेघेवरच असतो, कारण तो हलवायला कुणी नाही.

नवी ऑटोफोकस लेन्स याहून जास्त फोटो देते, हे आधीच सांगून टाकतो. पळणारे प्राणी ओळखणारे कॅमेरे आलेत आणि ते घोडीचं डोकं घाटाच्या खालपासून वरपर्यंत सोडत नाहीत. पण गाडामालकाला शंभर फोटो नको असतात. चारही बैलांचे पाय हवेत असलेला एकच फोटो त्याला घरात मोठा करून लावायचा असतो. तो कुठं मिळेल हे मला बारीच्या आधी माहीत असतं. आणि जुन्या रिंगला दोन टोकांना ठाम अडथळा आहे. नव्या लेन्सची रिंग बरेचदा विजेवर चालते, ती गोल गोल फिरतच राहते, तिच्यावर आकडेही नसतात. अंधारात, हातमोजे घालून, डोळा भलतीकडे असतानाही हेलिओस कुठं उभी आहे हे बोटांना कळतं.

लग्नात मी या लेन्स वापरत नाही. हळदीत वापरतो, कारण तिथं बायका निवांत बसलेल्या असतात, पाटावरची नवरी जागची हलत नाही आणि मागच्या मांडवातल्या दिव्यांचे हेलिओस मस्त गोल भोवरे करते. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला जुनी लेन्स लावणारा फोटोवाला मला भेटला तर मी त्याला बाजूला घेऊन समजावीन. तो क्षण दुसऱ्याचा आहे, त्यात आपली हौस भागवायची नसते.

या लेन्सना उन्हाचंही वावडं आहे. त्यांच्यावरचं कोटिंग आजच्या मानानं साधं, म्हणून सूर्य समोर आला की चित्र फिकं पडतं. मस्तानीच्या समाधीचे फोटो मी सकाळी लवकर काढतो, लेन्सला हूड लावून. दुपारी तिथं दगड आणि आकाश दोन्ही पांढरे होतात.

आणि बुरशी. जुन्या लेन्सचा खरा शत्रू पडणं-आपटणं नाही, जुलै-ऑगस्ट आहे. आमच्याकडं पाऊस कमी, पण हवेतला ओलावा कमी नसतो, आणि कातड्याच्या बंद पाकिटात ठेवलेली लेन्स त्या दोन महिन्यांत आतून कोळ्याचं जाळं विणल्यासारखी होते. ही बुरशी आधी कोटिंग खाते आणि मग काचेवर कोरून ठेवते, ते पुसलं जात नाही. काकांच्या कपाटात तिसरी एक लेन्स होती, ती अशीच गेली. उरलेल्या दोन मी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि पुड्या कोरड्या करून परत वापरतो. कातड्याची पाकिटं फेकून दिली.

शिरूर, दौंड, केडगाव, तळेगाव ढमढेरे, राजगुरुनगर, या प्रत्येक बाजारपेठेत निदान एखादा तरी जुना स्टुडिओ आहे. त्याच्या वरच्या फळीवर झेनिट, पेंटॅक्स नाहीतर याशिका पडून आहे. दुकान नवं करताना ते सगळं किलोवर भंगारात जातं. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर विकायच्या आधी लेन्स काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि ती खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, त्यानं काही होत नाही. जाळं दिसलं तर ती विकतही घेऊ नका, फुकटही नको, कारण तिची बुरशी शेजारच्या लेन्सला लागते. रिंग सहज फिरत असेल आणि पाती तेलकट नसतील, तर आधी अ‍ॅडॉप्टरची लांबी मायक्रोमीटरवर तपासून घ्या, मग आकड्यांवर भरवसा ठेवा. चकतीला पत्रा कोल्ड्रिंकच्या डब्याचा चालतो.